सोबत्याचं फूल

"सहा?" अकबोताने पुन्हा मोजलं. "अगं, सम आकड्याची फुलं कबरीवर नेतात. बाईंना पाच द्यायची, नाहीतर सात."

पाचवीत नव्याने आलेली इन्ना शेवंतीचे दांडे छातीशी धरून उभी होती.

"माहितीय. आईला नेतो तेव्हा सहाच नेतो."

अकबोताने जीभ चावली.

पटांगणात रांगा लागत होत्या. ध्वनिक्षेपक खरखरत होता. वर्षाची पहिली घंटा झाली की नव्या मुलांनी एकेक करून वर्गशिक्षिकेला फुलं द्यायची. निळी फीत लावलेली दहावीतली मुलं या नव्यांचे सोबती. एकेकाकडे एकेक मूल सोपवलेलं; अकबोताकडे इन्ना. या शाळेत पहिल्या दिवशीची चूक कोणी विसरत नसे. गेल्या वर्षी घरातल्या सपाता घालून आलेल्या मुलाला अजून सपाता म्हणूनच हाक मारत. आणि पाचवीच्या वर्गशिक्षिका गुल्शात बेकेनोव्ना बाई तर हातात आलेली फुलं मोजल्याशिवाय हसतही नसत.

"आणली कुणी?"

"बाबांनी. कब्रस्तानाच्या फाटकाशी बसणाऱ्या आजी त्यांना ओळखतात. त्यांनी नेहमीची बांधून दिली."

"तू बोलली का नाहीस मग?"

"गाडीत बाबा गुणगुणत होते, ताई. कितीतरी दिवसांनी."

कुंपणापलीकडे पालकांच्या गर्दीत इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस मोबाइल उंचावून उभा होता. अकबोताने एका दांड्याला हात घातला, तशी इन्ना मागे सरली.

"नको. काढून टाकलं की बाबांच्या लक्षात येईल."

मागून कुणीतरी "सरळ उभे राहा" म्हणून ओरडलं.

"टाकू नकोस. मला दे. हसत दे."

तिने ते फूल दोन्ही हातांनी घेतलं आणि कुंपणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्याकडे पद्धतच आहे. पहिलं फूल सोबत्याला."

इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने मान डोलावली.

"काय गं, पहिल्याच दिवशी लाच?" शेजारच्या सांझारने विचारलं. त्याच्याही छातीवर निळी फीत होती.

"पद्धत आहे. तुला कोण देणार म्हणा."

"का नाही देणार?" सांझारने आपल्या गुबगुबीत नव्या पोरापुढे हात पसरला. "ऐकलंस ना, पैलवान? काढ एक."

पैलवानाने सातांतलं एक ओढून काढलं. त्याच्या पुढच्या मुलीने मागे वळून पाहिलं आणि आपल्या पाचांतलं एक काढलं. 'पद्धत आहे म्हणे' रांगेतून पुढे सरकत गेलं.

"अरे, थांबा," अकबोता म्हणाली. पण तेवढ्यात बँड सुरू झाला आणि मग घंटा.

नवी मुलं पुढे गेली. बाईंचे ओठ हलत होते. चार. सहा. पुन्हा चार. प्रत्येक जुडीबरोबर त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी इन्ना आली. बाईंनी मोजलं, एकदम वाकून तिच्या कपाळाचा मुका घेतला.

कुंपणापलीकडे टाळ्या वाजल्या.

इन्ना परत येऊन अकबोताला खेटून उभी राहिली. बाईंच्या कवेत न मावणाऱ्या फुलांकडे ती बराच वेळ बघत होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माझी सोडून सगळ्यांची फुलं आईला न्यायची झाली."