पांढराशुभ्र रुमाल

नवरा नाक्यावर ट्रकच्या धुराची तपासणी करायचा. रोज संध्याकाळी त्याचा रुमाल काळाकुट्ट झालेला असायचा. गेला महिनाभर मात्र तो पांढराशुभ्र परत येत होता, इस्त्रीच्या घडीसकट.

"धूर कमी झालाय का हो हल्ली?"

"छे गं! दिवसभर सायलेन्सरपाशीच तर उभा असतो."

तिच्या मनात पाल चुकचुकली. कोण धुऊन देतंय याचे रुमाल? भरदुपारी ती नाक्यावर जाऊन थडकली. बंद केबिनच्या काचेतून पाहिलं, तर नवरा एसीत एकटाच बसून, एकाही ट्रककडे न बघता 'पास'चे शिक्के मारत होता.

एकटाच! तिचा जीव भांड्यात पडला.

 

समाधानाने तिने खोल श्वास घेतला, आणि नुकत्याच पास झालेल्या ट्रकच्या धुराने जो ठसका लागला, तो घरी पोहोचेपर्यंत थांबला नाही.