एझ्रासेठचा शनिवार

एझ्रासेठ बांधावर पळसाखाली बसला होता. खिसे रिकामे, हात मांडीवर, आणि चेहऱ्यावर दिवाळीला आलेल्या जावयाचं समाधान.

घाटंजीच्या वेशीबाहेरचं रुपीबाईचं हे अकरा एकर रान आज विकलं जाणार होतं, आणि ते एझ्रासेठला मिळणार नव्हतं. कारण आज शनिवार होता. बगदादहून आलेल्या या यहुदी माणसानं कापसाच्या जिनातल्या कारकुनीपासून सुरुवात करून यवतमाळपासून मुकुटबनपर्यंत प्लॉट पाडले. पण शुक्रवारी सूर्य बुडाला, की शनिवारी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत तो ना कागदाला हात लावी, ना सौद्याचं अवाक्षर काढी. त्याच्या धर्माची आज्ञाच तशी. हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. आर्णीच्या घनश्यामशेटला तर जरा जास्तच ठाऊक. म्हणून तर त्यानं रुपीबाईकडून सौद्यासाठी नेमकी शनिवारची दुपार मागून घेतली होती.

आणि रानही साधंसुधं नव्हतं. इथं शेजारी एस.टी.चा स्टँड होणार, हे सरकारला सुचायच्या आधी एझ्रासेठच्या नाकाला कळलं होतं. जमिनीबद्दल त्याची जीभही तशीच. मुकुटबनला एकदा त्यानं एका खडकाळ बरडाची गिऱ्हाइकापुढं अशी तारीफ केली, की मूळ मालकानंच डोळे पुसत सौदा मोडला.

"सेठ, मी बोलतो ना," शेजारी गफ्फार मिस्त्री तळमळत होता. एझ्रासेठची सगळी घरं त्यानंच बांधलेली. "मले कुठं मनाई हाये? माहा तं जुम्मा असते, तो काल झाला."

"मी सांगितलं अन् तू बोलला, तं ते मीच बोललो. गप बस."

"मंग आपण आलो कायले?"

"पाह्याले. पाह्याले बंदी नाही."

तेवढ्यात जीप आली. घनश्यामशेट उतरला, मागून तंबाखू मळत रुपीबाई. पळसाखाली एझ्रासेठ दिसला आणि घनश्यामशेट जागीच थबकला. त्याच्या अंदाजानं हा माणूस आज घरात उशीत तोंड खुपसून पडलेला असायला हवा होता.

"राम राम, एझ्रासेठ! इकडं कुठं?"

"राम राम. हवा खाऊन राह्यलो."

"जमीन कशी वाटते?"

एझ्रासेठनं समोरच्या टिटवीकडं पाहिलं.

"पाणीबिणी हाये ना?"

टिटवी उडाली. ती दिसेनाशी होईपर्यंत एझ्रासेठ तिच्याकडं पाहत राहिला.

रुपीबाईला चेव आला. "मले काय विचारता शेटजी, यालेच विचारा! महिनाभर माह्या दारात ठाण मांडून होता हा. माणूस चिवट हाये, पण जमिनीबद्दल खोटं नाही बोलत. सांग रे सेठ, माह्या विहिरीचं पाणी कसं हाये?"

एझ्रासेठचं तोंड उघडलं. त्या विहिरीचं पाणी तो स्वतः तीनदा प्यायला होता. उत्तर अगदी दातांपर्यंत आलं. मग त्यानं ओठ मिटले. तीस वर्षांत कुणी जमिनीबद्दल विचारावं आणि त्यानं बोलू नये, हे आजच घडत होतं.

"बोल ना बाप्पा! दातखिळी बसली का?"

एझ्रासेठ हसला. पण कसनुसं.

घनश्यामशेटच्या कपाळावर घाम आला. शनिवारी सौदा बंद, हे ठीक; पण ज्या माणसानं बरडाची तारीफ करून मालकाला रडवलं, त्याला या रानाबद्दल एक बरा शब्द सापडू नये? "इथं मसणवट होती का?" त्यानं हळूच विचारलं. एझ्रासेठनं टोपी डोळ्यांवर ओढली. घनश्यामशेटनं गफ्फारकडं पाहिलं, तर त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलेलं आणि डोळे बटाट्याएवढे झालेले.

"मले आठवलं," घनश्यामशेट म्हणाला, "आज आमच्याकडं एकाची तेरवी हाये."

जीप अशी सुटली, की तिची धूळ खाली बसायलाच संध्याकाळ झाली.

तोवर रुपीबाईच्या एझ्रासेठला दोन भाषांमध्ये शिव्या देऊन झाल्या होत्या, पहिल्यांदा आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आणि मग सगळ्यांना कळाव्यात म्हणून वऱ्हाडीत. शेवटी दमून ती त्याच्याच शेजारी बांधावर टेकली. "आता ही बातमी आर्णीभर होईन. कुत्रं नाही फिरकणार इकडं. घे, तूच घे. देशीन ते दे."

एझ्रासेठनं बोट वर केलं. आभाळात एकच तारा होता.

तिघंही माना वर करून बसले.

"तो पाह्य, दुसरा!" गफ्फार ओरडला.

"दिवा हाये तो, आंधळ्या. टेकडीवरच्या देवळातला." रुपीबाई म्हणाली. मग दुसरा तारा खरंच उगवला, आणि तिसरा शेवटी तिनंच शोधला, लिंबाच्या शेंड्याच्या जरा डावीकडं.

तसा एझ्रासेठ उठला, धोतर झटकलं, आणि दिवसभर कोंडलेली जीभ सुटली. "साखर हाये, रुपीबाई, साखर! असं पाणी जिल्ह्यात दुसरं नाही. अन् भाव गुरुवारी बोललो तोच. एक पैसा कमी नाही देणार."

"अन् हे दुपारी काहून नाही बोलला, मुडद्या?"

"दुपारी माही सुट्टी होती."

गफ्फार मिस्त्रीनं आभाळाकडं पाहिलं. मग दाढी खाजवत म्हणाला, "सेठ, तुमचा खुदा लय जबरा हाये. तुम्हाले सुट्टीवर धाडते, अन् दुकानात स्वतः बसते."