वाटाड्याची जागा

“कुणाचा इस्वास बसायचा न्हाई,” लालासाहेब म्हणाले, “पन म्हैसूरच्या राजवाड्याम्होरं हत्तीनं सोंड वर करून तुमच्या आजीला मुजरा केलाय. इचारा तिलाच.”

“व्हय,” अंबूबाई म्हणाली. ती सोप्यात बसून घेवडा निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

गोष्टीला हुंकार द्यायला एक माणूस लागतं. लालासाहेबांना ते लग्नातच मिळालं होतं. पलटणीतून रजेवर आल्यावर ते बायकोला घेऊन कुंडलला सासुरवाडीला गेले, तेव्हा पंगतीत मेव्हण्यानं विचारलं, “दाजी, आमच्या भनीला काय काय दावलंसा?” लालासाहेबांनी घास गिळला आणि तिथल्या तिथं म्हैसूरचा राजवाडा, बंदीपूरचं जंगल आणि मुरुडेश्वरचा समुद्र दाखवून टाकला. भाकरी वाढणारी अंबूबाई क्षणभर थबकली. मग म्हणाली, “व्हय.” त्या दिवसापासून गोष्ट दरवर्षी वाढत गेली. हुंकार मात्र तेवढाच राहिला.

आता नातवंडं खरोखरच निघाली होती. धैर्यशीलची नवी गाडी मलकापूरच्या घरासमोर उभी होती. बॉनेटवरचा हार अजून वाळला नव्हता. त्याची बहीण अंकिता मोबाइलवर सहल आखत होती. आधी म्हैसूर शहर, मग बंदीपूरला सफारी, शेवटी मुरुडेश्वरचा समुद्र. म्हणजे लालासाहेबांचा, त्यांच्या आबांचाच रस्ता. आबा खाटेवर मांडी घालून हुकूम सोडत होते. राजवाडा दिवे लागल्यावर बघायचा. जंगलात भडक कापडं घालायची न्हाईत. भरती बघितल्याबिगर समुद्रात पाय घालायचा न्हाई. सगळं बिनचूक. टीव्हीला नावं ठेवणारा हा माणूस टीव्ही किती मन लावून बघतो, हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

“आई, बाबा, मी, दादा आन् आबा,” अंकितानं बोटांवर माणसं मोजली. “झाली, गाडी भरली.”

“आन् आजी?” धैर्यशीलनं विचारलं.

“आजीनं सगळं बघितलंय की रं. व्हय ना गं आजी?”

अंबूबाईच्या हातातली शेंग मोडायची राहिली. तिनं दारातल्या गाडीकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं.

“व्हय,” ती म्हणाली. “आन् म्हशी कोण बघंल? जावा तुमी.”

लालासाहेबांनी आजवर तिचे पुष्कळ हुंकार ऐकले होते. हा एक घशाखाली उतरेना.

“मग मी ऱ्हातो,” ते म्हणाले. “तिला न्या.”

“आबा, काय तरीच काय! वाटाड्याशिवाय गाडी हलंल व्हय? पुढची सीट तुमची,” अंकिता म्हणाली.

“अगं, मला तरी कुटं रस्ता ठावं हाय?”

बहीण-भाऊ पोट धरून हसले. “आजीसाठी थापा नका मारू आबा!”

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. आयुष्यात एकदा खरं बोलले, तर ते कुणाला पटलं नाही. मग आपला जुना रस्ता काय वाईट? फक्त या खेपेला थाप अशी पाहिजे, की हुंकार देणारीचाच धीर सुटावा.

“बंदीपुरात,” त्यांनी आवाज चढवला, “वाघानं जिपात तोंड घातलं. समदी बोंबलाय लागली. तुमच्या आजीनं फडक्यातली भाकरी म्होरं केली. वाघानं खाल्ली आन् ठेच्यासाठी थांबला.”

“व्हय,” अंबूबाई म्हणाली. वर आणखी म्हणाली, “ठेचा जरा तिखाटच झाल्ता.”

धैर्यशील टाळ्या पिटायला लागला. लालासाहेबांना घाम फुटला.

“समुद्रात ही गळ्याएवढ्या पाण्यात गेली! शेवटी देवमाशानं पाठीवर घिऊन काठाला सोडली.”

“व्हय. लय निसरडी पाठ.”

ही बाई त्यांना काही केल्या उघडं पडू देत नव्हती. स्वतः घरी म्हशींजवळ बसेल, पण नातवंडांसमोर नवऱ्याचा शब्द खाली पडू देणार नाही. लालासाहेबांची नजर तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेली. ती माळ ती माहेराहून घालून आलेली. त्या माळेपायी घरात कुणाला अंडं उकडायचं झालं तरी स्टोव्ह घरामागच्या परड्यात न्यावा लागे, आणि ते पातेलं पुन्हा उंबऱ्याच्या आत येत नसे. सख्ख्या भाच्याच्या लग्नात शेजारच्या घरातून मटणाचा वास आला, तर ही मांडवातून उपाशी परतली होती.

लालासाहेबांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले.

“काठाला आली ती भुकेजून,” ते सावकाश, चवीनं म्हणाले. “कोळणीच्या ताटात तळल्याली सुरमई हुती. हिनं दोन तुकडं खाल्लं, बोटं चाटली, आन् वर वाटीभर रस्सा मागून प्याली.”

हुंकार आला नाही.

मांडीवरचं घेवड्याच्या शेंगांचं सूप जमिनीवर आदळलं. शेंगा सोपाभर पसरल्या. माळ मुठीत धरून अंबूबाई उभी राहिली.

“आवं, जीभ कशी झडंना तुमची! खोटं हाय! समदं खोटं हाय! कवा बघितला म्या समुद्र? मिरजेच्या दवाखान्याफुडं दुनिया दावली न्हाई कुणी मला!”

लालासाहेबांनी मान खाली घातली. मिशीतलं हसू त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही.

“आन् अंकिते, वाटाड्या म्हनं!” अंबूबाईचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “अगं, पठाणकोटला पलटणीच्या लंगरात रोट्या भाजल्या आन् रेल्वेनं सरळ घरला आलं ह्ये! ह्यांनी तरी कुटं बघितलाय समुद्र!”