वार्षिक सभेची जागा

"वार्षिक सभा यंदाही महाबळेश्वरलाच. जोडप्यामागे सहा हजार," कोर्टाच्या बार रूममध्ये वकील संघाच्या अध्यक्षांनी सांगितलं.

यंदाच्या उन्हाळ्यात बायको वारलेल्या आगाशे वकिलांना तिथे एकट्याने घास गिळवला नसता. ते उठले. "खर्च फार होतो. सभा इथेच घेऊ, चहा-वड्यावर."

"आगाशेसाहेब, तुम्हाला खर्च कधीपासून दिसायला लागला?" मागून कुणीतरी हसलं.

सूचनेला अनुमोदन हवं होतं. कुणाचाच हात वर होईना. तेवढ्यात ढमढेरे वकील उठले. तीस वर्षं, कोर्टात आणि सभेतही, ते आगाशेंच्या प्रत्येक म्हणण्याला विरोध करत आले होते. आगाशेंनी मान खाली घातली.

"माझं अनुमोदन," ढमढेरे म्हणाले. "वडे मात्र गरम हवेत, आगाशे."

"समोर उभा राहून तळून घेतो," आगाशे म्हणाले आणि कित्येक दिवसांनी मोकळं हसले.