शिवलेली नऊवारी

"हे काय आणलंस?" सीमा जवळजवळ ओरडलीच.

उर्वीच्या हातातल्या नऊवारीला कमरेशी नाडी होती आणि बाजूला चेन. निऱ्या, काष्टा, सगळं आधीच शिवून तयार. मंडळाच्या गणपतीत लेझीम खेळायला मुली पायजम्यासारखी चढवतात, ती साडी.

"लेझीम खेळायला पाठवायचंय का माझ्या आईला? तिची इरकल आण म्हटलं होतं ना!"

"ती पण आणलीय, मॉम. बट हू विल टाय इट?"

फ्युनरल होमच्या त्या थंडगार खोलीत पद्मजाबाई पांढऱ्या चादरीखाली पडून होत्या. वय ब्याण्णव. अमेरिकेत, ट्रॉयच्या बर्फातसुद्धा बाई नऊवारीच नेसल्या, खाली स्नो बूट घालून. दुकानात लोक वळून बघायचे, तर याच हात हलवून त्यांना 'हाय' म्हणायच्या. स्वतःची पोरं वाढवली, मग नातवंडं, मग आसपासच्या नोकरीवाल्या बायकांचीही पोरं. अर्धं गाव त्यांच्या हातचा वरणभात खाऊन मोठं झालं होतं, आणि तेच अर्धं गाव आता अकरा वाजता दर्शनाला येणार होतं.

सीमाने इरकल उलगडली. उर्वीने मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातली बाई हसत हसत, स्वतःभोवती गिरक्या घेत साडी नेसत होती. इथे गिरकी कोण घेणार? दोघींनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा निऱ्या सुटून पसरल्या. तेवढ्यात फ्युनरल होमचा माणूस डोकावला. साडी नुसती अंगावर पांघरली तरी चालेल, असं त्याने हळू आवाजात सुचवलं.

"नो," सीमा म्हणाली. तो गेल्यावर मात्र तिचा आवाज कातर झाला. "नीट नेसल्याशिवाय आई कधी खोलीबाहेरसुद्धा आली नाही गं. आज कशी नेऊ तिला लोकांसमोर?"

उर्वी जरा घुटमळली. "मी मामीला फोन केलाय. शी इज इन द पार्किंग लॉट."

मामी म्हणजे मंजुषा. सीमाच्या भावाची, चारुदत्तची पहिली बायको. घटस्फोटानंतर सीमाने तिला तोंडावर सांगितलं होतं, पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही.

"ती मामी नाहीये आता तुझी."

"ओके. पण तिला साडी नेसवता येते."

मंजुषा आली. सीमाकडे न बघता तिने कोट काढला, हात धुतले आणि थेट कामाला लागली. "ताई, कंबर जरा उचला. उर्वी, तू पाय धर." सीमाला तिचा आवाजही नको होता. पण घड्याळ पुढे पळत होतं, आणि मंजुषाच्या बोटांत निऱ्या मुकाट बसत होत्या. सीमाने दात आवळून कंबर उचलली. मग कुशीवर वळवण्यासाठी तिने आईचा डावा हात धरून ओढला.

"हळू! तो खांदा नका ओढू, दुखतो त्यांचा."

आपण काय बोलून गेलो ते मंजुषाला उशिरा कळलं.

"कुठला खांदा?" सीमाने विचारलं.

मंजुषा काष्ट्याची घडी घालत राहिली. "दोन वर्षं झाली. हात मागे जात नव्हता त्यांचा. काष्टा खोचता यायचा नाही."

"मग रोज साडी कोण..."

"तुम्ही ऑफिसला गेलात की मी यायचे. अंघोळ घालायचे, साडी नेसवायचे, मग माझ्या कामावर जायचे. शुक्रवारी नेसवलेली सोमवारपर्यंत तशीच ठेवायच्या."

सीमाला आठवलं. शनिवार-रविवारी आई अंघोळीला टाळाटाळ करायची. 'म्हातारपणी आळशी झालीस तू,' असं सीमा तिला ऐकवायची. आई नुसती हसायची.

"मला का नाही सांगितलं?"

"सीमाला कळलं तर मला गाऊन घालेल, म्हणायच्या. आणि मग म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवेल."

"मी? मी ठेवलं असतं आईला होममध्ये?"

उर्वी खाली बघत राहिली. सीमाने गेल्याच वर्षी एक जागा बघून ठेवली होती. आईला त्यातलं काही माहीत नाही, अशी तिची समजूत होती. तिला मंजुषाचा भयंकर राग आला, आणि मग तो राग मंजुषावर नाहीये हेही लक्षात आलं. तिने आईचा खांदा तळहातावर अलगद तोलून धरला. मंजुषाने काष्टा मागे खोचला, पदर छातीवर सारखा केला आणि कोट उचलला.

अकराला दार उघडलं. घरचे सगळे रांगेत उभे होते. सीमा, तिच्या शेजारी चारुदत्त, त्याच्या पलीकडे त्याची नवी बायको. मंजुषा भिंतीच्या कडेकडेने बाहेरच्या दाराकडे निघाली होती. पहिलेच आले ते त्र्यंबककाका, निवृत्त डॉक्टर. त्यांनी पद्मजाबाईंना हात जोडले, चापूनचोपून नेसलेली इरकल पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काय बाई होती! शेवटपर्यंत कुणाकडून काही करून घेतलं नाही हो हिने."

सीमाने रांग सोडली. चार पावलं जाऊन मंजुषाचं मनगट धरलं आणि तिला सगळ्यांच्या देखत पुढे आणलं. चारुदत्त तिच्याकडे बघतच राहिला.

"घेतलं ना, काका," सीमा म्हणाली. "हिच्याकडून घेतलं. माझ्याकडून नाही घेतलं."