आकडे आपोआप येतात

"बाई, बारा पूर्णांक चार!" धरणाच्या भिंतीवरचं दाबमापक पाहून पाठारेकाका ओरडायचे आणि खोलीत बसलेली शरयू आकडा लिहून घ्यायची. मग पुढच्या आकड्यापर्यंत काका नातीचे किस्से सांगत बसायचे. रानातल्या त्या केंद्रावर दिवस कसा सरायचा, तिला कळतही नसे.

पुढे ऑफिसने संगणक पाठवला. शरयू हौसेने बेसिक ही संगणकाची भाषा शिकली. नव्या दाबमापकाची केबल तिने संगणकाच्या पोर्टला जोडली, झटून प्रोग्राम लिहिला आणि एका दुपारी आकडे आपोआप पडद्यावर उमटू लागले. तिच्यापेक्षा काकाच जास्त खूश झाले.

थोड्याच दिवसांत साहेबांनी कळवलं, "आता तिथे एक माणूस पुरे." काकांची वरच्या धरणावर बदली झाली. "जपून राहा, बाई," एवढंच म्हणून ते जीपमध्ये बसले.

आकडे न चुकता येत राहिले. शरयूला मात्र दिवसदिवस तोंड उघडायचं कारण उरलं नाही.

एका सकाळी साहेबांचा फोन आला. "वरच्या धरणावर पाठारे आणि गुरव अजून हाताने आकडे लिहितात. तुमचा प्रोग्राम तिथेही बसवू, म्हणजे एकावरच भागेल. कधी पाठवताय?"

समोर नवा आकडा उमटला, अगदी बिनचूक. शरयूने त्याच्याकडे पाठ केली.

"साहेब, तो मधूनमधून चुकतो हो. एवढ्यात भरवसा नाही धरता येणार."

साहेब नाराज होऊन काहीतरी पुटपुटले. तिने फोन ठेवला, तेव्हा घसा बसल्यासारखा वाटला. कितीतरी दिवसांनी ती कुणाशी एवढं बोलली होती.