यकृताखालचा चिंचोका

शैलाताईंनी औषध घेतलं आणि थोड्याच वेळात त्यांच्या पोटावरची कातडी काचेसारखी पारदर्शक झाली. आत यकृत, जठर, आतडी आपापली कामं करत होती. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी पेन्सिली उचलल्या.

चित्रकलेच्या टिपणीस मॅडमचा या वर्गात एकच नियम होता. पुस्तक उघडायचं नाही, माणूस बघायचा. वर्षभर मुलं हेच औषध घेऊन समोर बसणाऱ्या दत्तूमामांना बघूनच शरीर शिकली होती. आज मामांना सुट्टी होती, तरी पहिल्यांदाच बसणाऱ्या शैलाताईंना धीर द्यायला ते शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

“मॅडम, यांच्यात एक अवयव कमी आहे,” पुढच्या बाकावरची केतकी म्हणाली.

“कुठला गं?”

“नाव नाही माहीत. यकृताखालचा तो चिंचोका. काळपट, खरबरीत.”

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तो तर सगळ्यांना डोळे मिटून काढता यायचा.

मॅडमची नजर भिंतीकडे गेली. वर्षभरातली निवडक चित्रं तिथे ओळीने लावली होती. पहिल्या चित्रात तो खरंच चिंचोक्याएवढा होता. मधल्या चित्रात सुपारीएवढा झाला होता, आणि परवाच्या चित्रात लिंबाएवढा. त्या लिंबाशेजारी मॅडमच्याच अक्षरात शेरा होता, ‘छटा सुरेख.’

मॅडमच्या हातातला खडू गळून पडला.

“नसेना का,” दत्तूमामा शैलाताईंना समजावत म्हणाले. “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, ताई. माझा चांगला टपोरा आहे. पुढच्या वर्षीच्या पोरांना मी दाखवीन.”